विद्युत घटातील कार्बन आणि भट्टीची आच

विजेवर चालणाऱ्या दुचाकीचे आपल्या शहरांतील नवल आता ओसरले आहे. तालुक्याच्या गावीही ती दिसू लागली आहे. भ्रमणध्वनी तर घरोघर पोहोचला. या दोहोंना शक्ती पुरविणाऱ्या साधनास आपण सर्रास ‘लिथियमची बॅटरी’ असे म्हणतो आणि तिच्याविषयीची चर्चाही बहुधा लिथियम या धातूभोवतीच फिरत राहते. तो कोठे सापडतो, आपल्या देशात तो आहे काय, त्याचा भाव काय, असे प्रश्न विचारले जातात. ही चर्चा आवश्यकच आहे. तथापि वजनाचा हिशेब मांडला तर एक वेगळीच गोष्ट ध्यानात येते. सुमारे तीन युनिट वीज साठविणाऱ्या दुचाकीच्या बॅटरीत लिथियम असते साधारणतः तीनशे ग्रॅम, आणि कार्बन असतो सुमारे तीन किलो, म्हणजे लिथियमच्या दसपट. हा कार्बन म्हणजे मुख्यतः ग्रॅफाइट. शिसपेन्सिलीत असते तेच.

मात्र बॅटरीस लागणारे ग्रॅफाइट खाणीतून काढून जसेच्या तसे वापरता येत नाही. त्याचा मोठा भाग तर कारखान्यातच, तेलशुद्धीकरणातून उरलेल्या कोकपासून किंवा दगडी कोळशाच्या डांबरापासून, प्रखर उष्णता देऊन तयार केला जातो. कार्बन कोणत्या पदार्थापासून केला, तो किती अंशांपर्यंत तापविला, किती वेळ तापविला आणि त्या वेळी भोवती हवा होती की नव्हती, यांवर बॅटरीत वीज किती साठेल, ती किती वर्षे टिकेल आणि किती सुरक्षित राहील हे ठरते. एकाच मातीची वीट भट्टीत कमीअधिक भाजल्याने कच्ची, पक्की किंवा खंगर निघते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. भट्टीच्या या विद्येची ओळख करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

घटाचे कार्य

लिथियम-आयन घटाची रचना तत्त्वतः सोपी आहे. त्यास दोन अग्रे असतात. ज्या टोकावर अधिक चिन्ह असते ते धन अग्र आणि उणे चिन्ह असते ते ऋण अग्र. धन अग्र लिथियमयुक्त संयुगाचे, तर ऋण अग्र कार्बनचे असते. दोहोंच्या मध्ये सच्छिद्र पडदा असून लिथियमचे क्षार विरघळविलेला द्रव सर्वत्र भरलेला असतो. घट विजेला जोडला म्हणजे धन अग्रातील लिथियमचे विद्युतभारित कण, म्हणजेच आयन, द्रवातून प्रवास करून कार्बनमध्ये शिरतात. आपण गाडी चालवू लागलो की ते परत धन अग्राकडे जातात आणि त्याच वेळी बाहेरच्या तारेतून विजेचा प्रवाह वाहतो. ही ये-जा हजारो वेळा, मुक्कामाच्या जागेची मोडतोड न होता व्हावयास हवी. बॅटरीचे आयुष्य यावरच अवलंबून आहे.

कार्बन हा मुक्काम उत्तम रीतीने देऊ शकतो याचे कारण त्याची रचना. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू षटकोनी जाळीच्या सपाट थरांत बसलेले असतात आणि हे थर पुस्तकाच्या पानांप्रमाणे एकावर एक रचलेले असतात. थरातील अणूंची पकड अत्यंत घट्ट, पण एका थराची दुसऱ्यावरील पकड सैल असते. पेन्सिल कागदावर ओढली असता काळी रेघ उमटते ती हे थर सुटून येतात म्हणूनच. दोन थरांतील अंतर ०.३३५ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या तीस लाखांश भागाइतके असते. लिथियम आत शिरला की ते सुमारे ०.३७ नॅनोमीटर होते, आणि तो बाहेर पडला की पाने पुन्हा मिटतात. फुगवटा एकूण दहा टक्क्यांच्या आसपास असतो व तो ग्रॅफाइटला सोसतो. दर सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम, ही त्याची कमाल मर्यादा होय. या हिशेबाने एक ग्रॅम ग्रॅफाइट ३७२ मिलिअँपिअर-तास इतका विद्युतभार साठवू शकते. गंमत अशी की, पूर्ण भरलेल्या अवस्थेत हे काळे ग्रॅफाइट सोनेरी दिसते.

धातूकडून कार्बनकडे

प्रारंभी कार्बनचा विचार कोणी केला नव्हता. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत स्टॅनले व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम सल्फाइडच्या थरांत लिथियम साठविणारा घट तयार केला. त्याचे ऋण अग्र शुद्ध लिथियम धातूचे होते. या घटाची शक्ती मोठी होती, परंतु वारंवार भारित केल्यावर धातूच्या पृष्ठभागावर सुईसारखे तंतू वाढत. ते पडदा भेदून पलीकडच्या अग्रास टेकले की घट आतल्या आत जोडला जाऊन तापे आणि पेट घेई. हा धोका केवळ प्रयोगशाळेपुरता राहिला नाही. लिथियम धातूचे घट बसविलेल्या दूरध्वनींनी पेट घेतल्याच्या घटना १९८९ मध्ये जपानमध्ये घडल्या आणि ते घट परत घ्यावे लागले.

दरम्यान १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हे उत्तम धन अग्र शोधून काढले. त्याच सुमारास फ्रान्समधील ग्रनोबल येथे रशीद याझमी यांनी ग्रॅफाइटच्या थरांत लिथियम पुनःपुन्हा शिरू व बाहेर पडू शकतो हे दाखवून दिले. हे दोन धागे जुळविण्याचे काम जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी केले. त्यांनी प्रथम वीजवाहक प्लॅस्टिक वापरून पाहिले, नंतर वायूपासून वाढविलेले कार्बनचे तंतू वापरले आणि १९८५ मध्ये ते पेट्रोलियम कोकपाशी येऊन थांबले. ग्रॅफाइट त्या वेळच्या द्रवात टिकत नसे, त्याचे थर सोलून निघत. कोकची अर्धवट विस्कळित रचना मात्र टिकाव धरी.

आपला घट सुरक्षित आहे काय, हे पाहण्यासाठी योशिनो यांनी स्फोटकांच्या चाचणीसाठी उभारलेल्या जागी त्यावर लोखंडाचा मोठा तुकडा टाकून पाहिला. घट चेपला, परंतु काही घडले नाही. शुद्ध लिथियम धातूच्या घटावर तोच प्रयोग केला असता मोठा स्फोट झाला. १९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने कार्बनचे ऋण अग्र असलेला लिथियम-आयन घट बाजारात आणला. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आज आपण निर्धास्तपणे खिशात बाळगतो त्या बॅटरीच्या पायाशी कोकचा काळा भुगा आहे, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.

उष्णतेने होणारे बदल

कार्बन तापविला असता त्यात नेमके काय घडते, याचा पद्धतशीर उलगडा बॅटरीचा विचार होण्यापूर्वीच झाला होता. ब्रिटिश शास्त्रज्ञ रोझलिंड फ्रँकलिन यांचे नाव आपल्याला डीएनएच्या रचनेसंबंधात ठाऊक असते. परंतु त्यापूर्वी त्यांनी इंग्लंडमध्ये दगडी कोळशावर आणि पॅरिस येथे निरनिराळ्या कार्बनांवर काम केले होते. क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी करून १९५१ मध्ये त्यांनी असे मांडले की, कार्बनच्या दोन जाती आहेत. एक जात तापविल्यावर ग्रॅफाइट बनते. दुसरी तीन हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापविली तरी बनत नाही. पहिलीस आज मृदू कार्बन व दुसरीस कठीण कार्बन म्हणतात.

हा भेद मूळ पदार्थातून येतो. पेट्रोलियमचा किंवा डांबराचा जड अवशेष तापविला की तो आधी वितळतो. त्या द्रवावस्थेत रेणूंना हलण्यास वाव मिळतो व ते एकमेकांना समांतर होऊन मग घट्ट होतात. पुढे अधिक आच दिली की ही समांतर पाने नीट जुळतात. लाकूड, नारळाची करवंटी किंवा काही प्रकारची राळ यांत असे होत नाही. आपल्याकडील लोणारी कोळसा पाहावा. लाकडाचा कोळसा झाला तरी लाकडाचा आकार, त्याच्या शिरा व छिद्रे कायम राहतात. रेणू जागच्या जागी जखडले जातात आणि मग कितीही तापविले तरी पाने एका दिशेने लागत नाहीत. पत्त्यांचा बंगला उभा करावा तसे सुटे थर वेड्यावाकड्या कोनांत उभे राहतात व त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या उरतात.

आता मृदू कार्बनचा भट्टीतील प्रवास पाहू. हवा वर्ज्य करून तापविण्यास आरंभ केल्यावर सुमारे एक हजार अंशांपर्यंत त्यातील हायड्रोजन व इतर घटक वायुरूपाने निघून जातात. बाराशे ते चौदाशे अंशांवर कोक भाजला म्हणजे तो घट्ट व बऱ्यापैकी वीजवाहक होतो. लोखंड १५३८ अंशांवर वितळते. कार्बनचे खरे रूपांतर त्यानंतर सुरू होते. दोन हजार अंशांच्या पुढे थर वाढू लागतात, त्यांतील वाकडेपणा जातो, आणि त्यांमधील अंतर ०.३४४ वरून ०.३३५ नॅनोमीटरकडे येऊ लागते. अठ्ठावीसशे ते तीन हजार अंशांवर काही काळ ठेवले म्हणजे उत्तम ग्रॅफाइट तयार होते. एवढ्या उष्णतेत धातूंची अशुद्धद्रव्येही बाष्प होऊन जातात, हा आणखी एक लाभ.

येथे वाचकांस असे वाटेल की, जितकी आच अधिक तितका कार्बन चांगला. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. कॅनडातील जेफ डान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की, सातशे अंशांच्या आसपास तापविलेला, हायड्रोजन शिल्लक असलेला कार्बन ग्रॅफाइटपेक्षाही अधिक लिथियम घेतो. परंतु तो परत देताना विजेचा मोठा भाग वाया जातो, म्हणून तो व्यवहारात निरुपयोगी ठरतो. मृदू कार्बन अधिक तापवीत गेल्यास त्याची साठवणशक्ती दोन हजार अंशांच्या सुमारास बरीच घटते आणि नंतर ग्रॅफाइट होऊ लागल्यावर पुन्हा वाढते. कठीण कार्बनचे उलट आहे. तो एक हजार ते पंधराशे अंशांदरम्यानच उत्तम असतो. त्यापुढे त्याच्या पोकळ्या मिटत जातात. तात्पर्य, प्रत्येक कार्बनला त्याची त्याची आच असते व ती ओळखण्यातच कारखानदाराचे कौशल्य आहे.

शंभर वर्षांहून जुनी भट्टी

तीन हजार अंश उष्णता लाकूड, कोळसा वा तेल जाळून मिळविणे व्यवहार्य नाही. त्यासाठी वीजच लागते. अमेरिकेतील एडवर्ड ॲचिसन यांनी १८९० नंतरच्या काळात माती व कोक विजेच्या भट्टीत तापवून कार्बोरंडम, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, हा कठीण पदार्थ शोधला. हाच पदार्थ फार तापला असता त्यातील सिलिकॉन उडून जातो व मागे शुद्ध ग्रॅफाइट उरते, असे त्यांना आढळले. १८९६ मध्ये त्यांना या कृतीचे एकस्व मिळाले. त्यांनी आपला उद्योग नायगारा धबधब्यापाशी नेला, कारण तेथे जलविद्युत विपुल व स्वस्त होती.

आश्चर्य वाटेल, परंतु बॅटरीच्या ग्रॅफाइटचा मोठा भाग आजही ॲचिसन यांच्याच पद्धतीच्या भट्टीत तयार होतो. कोकची भुकटी मुशींत भरतात, मुशींच्या भोवती कोकचे तुकडे रचतात, आणि वरून उष्णता अडविणारा थर देऊन संपूर्ण राशीतून प्रचंड वीजप्रवाह सोडतात. तापविणे व निवविणे मिळून कित्येक दिवस, प्रसंगी दोन-तीन आठवडे लागतात. त्यामुळे विजेचा दर हाच ग्रॅफाइटच्या किमतीतील मोठा घटक ठरतो. ही वीज कोळसा जाळून केलेली असेल, तर स्वच्छ म्हणविल्या जाणाऱ्या वाहनाच्या वाट्याला त्या धुराचाही हिस्सा येतो, हे विसरता कामा नये.

लेपाचे आणि संमिश्रांचे तंत्र

गेल्या काही दशकांत एकट्या कार्बनऐवजी कार्बनयुक्त संमिश्र पदार्थांकडे संशोधकांचे लक्ष वळले आहे. त्यांचे तीन प्रकार येथे पाहता येतील.

पहिला प्रकार ग्रॅफाइटच्याच कणावर कार्बनचा लेप देण्याचा. १९९० मध्ये डान यांच्या गटाने असे दाखविले की, योग्य द्रव वापरल्यास पहिल्याच भारणाच्या वेळी कार्बनच्या पृष्ठभागावर एक पातळ साय धरते व ती पुढे आतील थरांचे रक्षण करते. परंतु ही साय धरण्यात काही लिथियम कायमचे खर्ची पडते. ग्रॅफाइटच्या कणांवर डांबराचा पातळ थर देऊन सुमारे हजार-बाराशे अंशांवर भाजले, म्हणजे उघड्या कडा झाकल्या जातात आणि हा खर्च कमी होतो.

दुसरा प्रकार धन अग्रासंबंधी आहे. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात गुडइनफ, ए. के. पाढी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम आयर्न फॉस्फेट हा स्वस्त व अतिशय सुरक्षित पदार्थ पुढे आणला. त्यात महाग कोबाल्ट नव्हता, पण विजेचा प्रवाह त्यातून जवळजवळ वाहतच नसे. यावर उपाय निघाला तो कार्बनचाच. साखरेसारखा सेंद्रिय पदार्थ त्यात मिसळून, निष्क्रिय वायूत सुमारे सातशे अंशांवर तापविले की प्रत्येक कणावर काही नॅनोमीटर जाडीचा कार्बनचा लेप बसतो व वीज वाहू लागते. येथे आचेला दोन्हीकडून बंधन आहे. ती कमी पडली तर लेप पुरेसा वीजवाहक होत नाही. अधिक झाली तर मूळ पदार्थाचे कण वाढून बिघडतात. आज अनेक दुचाकी, तीनचाकी, बसगाड्या आणि सौर विजेची साठवण केंद्रे याच पदार्थावर चालतात.

तिसरा प्रकार सिलिकॉन व कार्बन यांच्या संमिश्राचा. सिलिकॉन हा ग्रॅफाइटच्या जवळजवळ दसपट लिथियम घेऊ शकतो, परंतु तसे करताना तिप्पट-चौपट फुगतो. काही आवर्तनांतच त्याचा चुरा होतो. यास्तव सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण सच्छिद्र कार्बनमध्ये बसवून, वर लेप देऊन भाजतात. कार्बन त्यास सावरून धरतो आणि वीजही वाहून नेतो. मात्र ही राशी ग्रॅफाइटइतकी तापविता येत नाही. तसे केल्यास सिलिकॉन आणि कार्बन यांचा संयोग होऊन सिलिकॉन कार्बाइड बनते व त्यात लिथियम शिरत नाही. ॲचिसन यांनी जे यत्नपूर्वक मिळविले, तेच येथे टाळावयाचे असते.

आपल्यासमोरील प्रश्न

बॅटरीयोग्य ग्रॅफाइट तयार करण्याचे जगातील सुमारे नव्वद टक्के काम आज चीनमध्ये होते. डिसेंबर २०२३ पासून त्या देशाने ग्रॅफाइटच्या काही प्रकारांच्या निर्यातीस परवान्याची अट घातली, तेव्हा अनेक देशांना या काळ्या भुकटीचे महत्त्व उमगले. भारत सरकारने जून २०२३ मध्ये जाहीर केलेल्या तीस महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत लिथियमबरोबर ग्रॅफाइटचाही समावेश आहे. मे २०२१ मध्ये केंद्राने प्रगत घटांच्या उत्पादनासाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. घटांचे कारखाने देशात उभे राहिले, पण त्यांत भरावयाचा कार्बन बाहेरून आणावा लागला, तर स्वावलंबन अपुरेच राहील.

या बाबतीत आपण अगदी रित्या हाताने आरंभ करीत नाही. आपल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून कोक निघतो आणि पोलाद कारखान्यांच्या कोक भट्ट्यांतून डांबर मिळते. गोव्यात पेट्रोलियम कोक भाजण्याचा उद्योग अनेक वर्षे चालू आहे. त्याचा माल मुख्यतः ॲल्युमिनियमच्या कारखान्यांना जातो. नाशिक येथे आणि मध्य प्रदेशात भोपाळजवळ मंडीदीप येथे ग्रॅफाइटच्या वस्तूंचे कारखाने आहेत. पोलाद वितळविणाऱ्या विद्युत भट्ट्यांसाठी लागणारे ग्रॅफाइटचे दांडे तयार करण्याची विद्या, म्हणजेच तीन हजार अंशांची विद्या, आपल्या कामगारांना व अभियंत्यांना अवगत आहे. बॅटरीसाठी तीच विद्या अधिक काटेकोरपणे वापरावी लागेल. कणांचा आकार सारखा असावा लागतो, आणि शुद्धता ९९.९ टक्क्यांहूनही अधिक लागते.

दुसरी वाट कठीण कार्बनची आहे. लिथियमऐवजी सोडियम वापरणारे घट आता पुढे येत आहेत. सोडियम मिठात आहे, म्हणजे त्याची वाण नाही. तो ग्रॅफाइटच्या थरांत नीट शिरत नाही, पण कठीण कार्बनच्या पोकळ्यांत मात्र सुखाने राहतो, हे २००० मध्ये डान व त्यांचे सहकारी स्टीव्हन्स यांनी ग्लुकोजपासून केलेल्या कार्बनवर दाखवून दिले. असा कार्बन नारळाच्या करवंटीपासून किंवा शेतातील टाकाऊ मालापासूनही करता येतो आणि त्यास तीन हजार अंशांची भट्टी लागत नाही. पुण्याच्या केपीआयटी या कंपनीने तेथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन घटाचे तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले, ही राज्याच्या दृष्टीने समाधानाची बाब होय. अर्थात हे घट वजनाच्या मानाने कमी वीज साठवितात. दूरच्या पल्ल्याच्या मोटारीपेक्षा एका जागी राहणाऱ्या साठवणीस व लहान वाहनांस ते अधिक सोयीचे ठरतील.

या उद्योगाची दुसरी बाजूही डोळ्यांआड करून चालणार नाही. डांबर तापविताना निघणारी वाफ आरोग्यास घातक असते आणि कार्बनची बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाते. धूळ व वाफ शोषून घेणारी यंत्रणा नसलेली भट्टी म्हणजे कामगारांच्या आणि शेजारच्या वस्तीच्या आरोग्याशी खेळच होय. जुन्या बॅटऱ्यांच्या विल्हेवाटीसाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये नियम केले आहेत. त्यांतून कोबाल्ट व निकेल परत मिळविण्याकडे ओढा असतो, कारण त्यांना भाव आहे. कार्बन मात्र बहुधा जाळला किंवा टाकला जातो. तो धुऊन, पुन्हा भट्टीत तापवून वापरात आणता येतो. ज्यासाठी एकदा इतकी वीज खर्ची पडली तो पदार्थ फेकून देणे परवडणारे नाही.

कोळसा हा आपल्या चुलीशी, शेगडीशी आणि आगगाडीशी जोडला गेलेला पदार्थ. तो जाळावयाचा आणि त्याची राख करावयाची, एवढाच त्याचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला ठाऊक होता. हवा वर्ज्य करून, मापून आच दिली असता तोच कार्बन न जळता वीज सांभाळून ठेवतो. ही आच कोठे, किती आणि कोणत्या विजेने द्यावयाची, याचा निर्णय आता आपल्या कारखानदारांना, संशोधकांना आणि शासनाला मिळून घ्यावयाचा आहे. खनिज नशिबाने सापडते. भट्टीचे ज्ञान मात्र अभ्यासाने आणि सवयीनेच येते. त्या अभ्यासास आपल्याकडे आरंभ झाला आहे, तो नेटाने पुढे नेला पाहिजे.